व्युत्पत्तीचा रकाना

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

काल भाऊबिजेला दादाने ही जाडजूड वही दिली. वर टोमणा, "दुसऱ्यांची पोरं निबंध लिहितात, तू नुसती लाल शाई करतेस. लिही काहीतरी." आणि आज खरोखरच लिहिण्यासारखं घडलं.

आईंच्या सगळ्या कविता एका पुस्तकात येणार! आई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूया. आजवर दोन पातळसे संग्रह निघाले, तेही कुणाच्या तरी ओळखीने. रत्नागिरीकडच्या खेड्यातून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेली सातवी पास बाई पोळपाटावर कागद ठेवून कविता लिहायची. आता शहरातले समीक्षक तिच्यावर लेख लिहितात. 'कोकणच्या मातीतले अस्सल शब्द' असं एकाने छापलंय. त्या अस्सल शब्दांनीच आता घोळ केलाय. धुपण, वरवंट, भाजकी हे शब्द ज्या अर्थाने आई वापरतात तसे कुठल्याच कोशात नाहीत. प्रकाशकांकडची स्वप्नाली, जी पुस्तकाची संपादक आहे, तिला शेवटी शब्दार्थ हवेत आणि तेही तीन रकान्यांत: शब्द, अर्थ, व्युत्पत्ती. ते करणार कोण, तर ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणारी त्यांची सून समिधा, म्हणजे मी. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालेल?

आईंना सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. "येऊ दे पुस्तक," म्हणाल्या, "एवढं एक बघून जाईन." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासऱ्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "कसलं पुस्तक?" बाबा गोदीतून निवृत्त झालेत. बायकोची एकही कविता त्यांनी वाचलेली नाही आणि हे ते इथे आमच्या सिल्व्हर पार्कात शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगतात.

१८ नोव्हेंबर

माझी गाडी सुसाट आहे. कॉलेजच्या लायब्ररीतून कोश आणले, जेवणाचं टेबल व्यापलं. 'धुपण'चं मूळ संस्कृत धूप. 'भाजकी' भाजण्यावरून. 'वरवंट'चं नातं वरवंट्याशी, पण अर्थ धूसर. 'घरात वरवंट होता, पोरं ताटाशी बसली' ही ओळ मी बारावीच्या मुलांना वाचून दाखवली तर वर्ग एकदम शांत झाला, आणि अर्थ विचारला तर कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

आईंना विचारायला गेले की गंमतच होते.

"आई, भाजकी म्हणजे काय हो?"

त्यांनी बाल्कनीतल्या गिलावा उडालेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ती काय."

"वीट?"

"तीच."

"म्हणजे वीट ना?"

"म्हटलं ना, तीच गो."

मग धुपण म्हणजे काय, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते असतं. आतल्या आत." मी म्हटलं, दुःख? "नाय." राग? त्यांनी मान हलवली ती होकाराची की नकाराची, कळलं नाही. मी अर्थाच्या रकान्यात 'राग' लिहून टाकलं. 'धुपण आतल्या आत, भाकरी मात्र टम्म' या ओळीत ते चपखल बसतं.

एक काळजी मात्र लागलीय. साधे शब्द आईंच्या तोंडी येतच नाहीत. परवा गॅसवाल्याने "नाम क्या लिखूं?" विचारलं तर दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून मोकळ्या झाल्या. शेजारच्या हंसाबेनच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं ओळखू येईनात. माझा नवरा निकेत याला सांगितलं तर "तिला काही झालेलं नाही" म्हणून कूस बदलली. त्याची आई, आणि रात्रभर जागी मी.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज जे कळलंय ते आधी इथे लिहून काढते.

शब्दांची खात्री करायला आईंना घेऊन सुलूताईंकडे गेले. त्या बाबांच्या थोरल्या भावाची, धाकूकाकांची मुलगी. वाढल्या त्याच गावात, आता काशीगावात राहतात. रिक्षात बसल्यावर आई ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, वो हायवे के बाजू में गांव है ना, उधर." तो म्हणाला, "कौनसा? काशीगांव?" "हां हां, वही." मी मनात म्हटलं, घ्या, आता गावांची नावंही गेली.

सुलूताईंनी चहा केला. मी यादी वाचली. त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "वैनी, आमच्या गावात कोण असं बोलत नाय. भाजकी? विटेला आम्ही वीटच म्हणतो. हे काकीचंच कायतरी." म्हणजे अस्सल मातीतले शब्द वगैरे सगळं खोटं? उद्या कुणी समीक्षक गावात जाऊन आला तर आईंना ढोंगी ठरवतील. आयुष्यभराची कमाई एका लेखात धुळीला मिळेल. आणि आई शांतपणे बिस्किट बुडवून खात होत्या.

निघताना भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली नाव दिसलं. कै. काशीबाई. सुलूताईंची आजी, म्हणजे आईंची सासू.

परतीच्या रिक्षात डोक्यात लख्ख उजेड पडला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. पण जुन्या घरांत सासू, सासरा, थोरला दीर यांचंही नाव घेत नसत, आणि त्या नावासारखा वाजणारा साधा शब्दसुद्धा बाईने तोंडातून काढायचा नसे. सासू काशीबाई म्हणून काशीगाव नाही. सासरे विठू म्हणून वीट नाही, ती झाली भाजकी. दीर धाकू म्हणून धाक म्हणायचा नाही, तो झाला वरवंट. आणि बाबांचं नाव राघो. आईंनी लग्नानंतर 'राग' हा शब्द कधी उच्चारलाच नाही! त्याला धुपण म्हणत राहिल्या.

आई विसरत नाहीयेत, आई टाळताहेत. मी रिक्षातच त्यांना मिठी मारली. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

२६ नोव्हेंबर

आज आईंना सरळच विचारलं. आधी हसल्या. मग भाकरीचं पीठ मळता मळता सांगितलं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासू म्हणाली, तोंड का पाडलंस. आई बोलून गेल्या, मला राग नाही आला. (हे सांगतानाही 'तो शब्द' असंच म्हणाल्या.) सासूने चुलीतली राख चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. "गिळू नको, थुकू नको, म्हणाली. जेवणं होईस्तवर तशीच उभी. त्यानंतर शब्द तोंडात आला की आधी उलटून बघायची सवय लागली. तांदळातला खडा बघतो तसा. आत कोणाचं नाव नाय ना? मग सोडायचा."

"आणि नसेल सोडता येत तर?"

"तर दुसरा करायचा. मनातल्या मनात. कोणाला कळत नाय, कोणी मारत नाय." मग पिठावर पाणी शिंपडत, "लोक म्हणतात कवी शब्द शोधतो. मी तर शब्दांपासून लपत होते."

केवढी निष्ठा! मी नवऱ्याला 'निक्या' म्हणून जिन्यातून हाक मारते आणि इथे एक बाई नवऱ्याचं नाव जपण्यासाठी अख्खी भाषा घडवते. व्युत्पत्तीच्या रकान्यात याहून सुंदर काय येणार? आई म्हणाल्या, "हे पुस्तकात कशाला? तुला कळलं, पुरे झालं." आमच्या आईंना मिरवणं माहीतच नाही.

३० नोव्हेंबर

जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. राहवतच नव्हतं.

बाबांचा घास हातात थांबला. "म्हंजे तिचे सगळे शब्द माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे, आणि तुमच्या घरच्यांच्या नावांमुळे."

"म्हंजे सगळं माझ्याच नावावर की!" एवढे खूष झालेले बाबा मी पाहिलेच नव्हते. टेबलावर थाप मारली तशी ताटल्या वाजल्या. "आणि मी समजत होतो ही कायतरी खरडते. अगं, मग सांगायचंस ना!" आईंकडे बघून पहिल्यांदाच पुस्तकाची आपणहून चौकशी केली. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी नवऱ्याने दखल घेतली.

आई आमटी वाढत होत्या. डाव तसाच हातात धरून उभ्या राहिल्या आणि मग न वाढताच आत गेल्या. निकेतने टीव्हीचा आवाज वाढवला. झोपताना म्हणाला, "कशाला बोललीस?" मी म्हटलं, का, चांगली गोष्ट आहे. त्याने दिवा बंद केला.

५ डिसेंबर

बाबांनी खालच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय. वॉचमन बाबाजीसुद्धा मला विचारतो, "आजोबांच्या नावाचं पुस्तक कधी येणार?"

९ डिसेंबर, रविवार

स्वप्नालीला व्युत्पत्त्या पाठवल्या होत्या. ती फोनवर अक्षरशः किंचाळली. "समिधाताई, हे तर सोनं आहे! मलपृष्ठावर घेऊ या. 'एका नावाच्या प्रेमातून जन्मलेली भाषा'. पुरवणीत लेख येईल, दोघांचा फोटो घेऊ." मीही वाहवत गेले, उगाच नाकबूल कशाला करू.

आता बाबा रोज दुपारी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतात. चष्मा लावून विचारतात, "आता कुठला शब्द?" मग त्या शब्दाचं मूळ आपणच सांगतात. आज 'वरवंट'ला आल्यावर म्हणाले, "लिही, आमच्या घराण्याचा दरारा होता. दादाची पावलं वाजली की बायका भिंतीला लागायच्या. मी गोदीतून आलो की पोरं चिडीचूप. लिही ते, लोकांना कळू दे शिस्त काय असते." मी 'दरारा' लिहिलं. खरं तर शब्द बरोबर आहे. तरी लिहिल्यावर पेन खाली ठेवावंसं वाटलं.

एक विचित्र झालंय. आई ते शब्द वापरेनाशा झाल्यात. काल बाल्कनीतली वीट निखळली तर नुसतं खुणेने दाखवलं. त्यांची भाजकी कुठे गेली?

१७ डिसेंबर

आई जवळजवळ बोलतच नाहीत. 'हो', 'नाय', 'जेवा' एवढंच. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अशक्तपणा. टॉनिक दिलंय. कविता लिहायचे कागद पोळपाटाखालून नाहीसे झालेत.

संध्याकाळी निकेतशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, आईचं एवढं कौतुक होतंय आणि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का? तो म्हणाला, "समिधा, तू मराठीची बाई ना? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, माहितीये? त्यातलं तोंड दाबणं तुला दिसलं आणि त्याची तू आरती केलीस. पुढचं वाच की."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आम्ही लहान असताना जिन्यात पाऊल वाजलं की आई हळूच म्हणायची, 'वरवंट आला.' मग आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो, उलटी का होईना. तो शब्द आमचा होता. तिचा आणि आमचा. त्याला माहीतच नव्हता. तू नेऊन दिलास."

चप्पल घालून निघून गेला. नया नगरपर्यंत चालत जाऊन आला असावा, तिकडच्या बेकरीचे पाव हातात होते. ते आईंच्या पुढ्यात ठेवले आणि शेजारी बसला.

मला रागही आला आणि लाजही वाटतेय. पण बाबांनी बिचाऱ्यांनी आता काय केलंय? पुस्तकाचं कौतुकच करताहेत ना? कुणी कौतुक करावं आणि दुसऱ्याची वाचा बसावी, असं कसं होईल? मला काहीतरी कळत नाहीये, एवढं मात्र कळतंय.

३ जानेवारी २००८

कच्ची मुद्रितं आली. जाड कागद, देखणा टाइप. मी धावत स्वयंपाकघरात नेली. आईंनी हात पुसून पहिलं पान पाहिलं, आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग शेवट उघडला. तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात ओळीने बाबांचं घराणं: पती राघो यांच्या नावावरून, सासरे विठू यांच्या नावावरून, दीर धाकू यांच्या नावावरून.

सावकाश वाचलं. मुद्रितं माझ्या हातात परत दिली.

"समिधा, छापणं थांबवता येईल?"

"शब्दार्थ?"

"पुस्तकच."

मी म्हटलं, "आई, एवढं एक बघून जाईन म्हणालात ना?"

"म्हणाले. ते माझं होतं तेव्हा." आवाज अजिबात चढला नाही. "ह्या घरात भांडी ह्यांची, भिंती ह्यांच्या, पोरांना आडनाव ह्यांचं. तेवढे शब्द माझे होते. ह्यांच्या नाकासमोर केले, ह्यांना पत्ता नाय. आता ते पण ह्यांच्या नावावर लागले. मग कशाला छापायचं?"

मी काय केलंय ते मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, थांबा, मी सगळं काढायला लावते.

५ जानेवारी

स्वप्नाली म्हणते, जाहिरात गेली, लेखाची तारीख ठरली. शब्दार्थांशिवाय पुस्तक काढायला वरचे तयार नाहीत. "आजींना जरा दडपण आलं असेल, मी येऊन बोलते." पुढच्या शनिवारी अंतिम मुद्रितं घ्यायला येणार आहे. फोटोग्राफरही सोबत.

म्हणजे आता बाबांशी बोलायला हवं. दोनदा हॉलमध्ये गेले. पहिल्यांदा ते नव्या सदऱ्याला बटणं लावून बघत होते. मी "चहा टाकू?" विचारून परत आले. दुसऱ्यांदा तोंड उघडलं, "बाबा, ते पुस्तकातलं..." त्यांनी फक्त मान वर केली. काहीही बोलले नाहीत, हातही उगारला नाही. तरी माझा आवाज आपोआप खाली आला, पदर नसताना पदर सारखा करावासा वाटला, आणि मी म्हटलं, "छान होतंय."

आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. भीती नव्हती ती. दरारा तर नव्हेच. धाक म्हणावं तर तोही शब्द पुरत नव्हता, कारण धाक समोरच्या माणसाचा असतो आणि हे माझ्याच मानेवर येऊन बसलं होतं, माझंच असल्यासारखं. मनात शब्द आला तो वरवंट. दुसरा आलाच नाही. बारावीचा वर्ग गप्प का झाला होता, ते माझ्या लक्षात आलं.

आईंना जाऊन सांगितलं, मला जमलं नाही. त्या म्हणाल्या, "माहीत हाय." आणि मला अर्धी पोळी गूळ लावून दिली, लहान पोरीला देतात तशी.

१० जानेवारी

बाबांनी न्हाव्याला घरी बोलावून केस कापून घेतले. आईंना म्हणाले, "ती निळी साडी नेस. आणि तोंड जरा हसरं ठेव, लोक म्हणतील मी छळतो." मोठ्याने हसले. कुणीच हसलं नाही. निकेत म्हणाला, शनिवारी मी घरी थांबतोय. मी विचारलं, तू बोलशील का बाबांशी? तो नखं बघायला लागला. चाळिशीला आलेला माणूस. म्हणाला, "प्रयत्न करतो."

आमच्यापैकी कुणाच्यानेच होणार नाही. पुस्तक एक तर त्यांच्या नावाचं निघेल, नाहीतर निघणारच नाही.

१२ जानेवारी, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते, माझी टिप्पणी नको.

स्वप्नाली आली, सोबत अभिनव नावाचा फोटोग्राफर. आई निळी साडी नेसल्या नव्हत्या, घरातलीच होती. बाबा सदरा घालून सोफ्याच्या मधोमध. टेबलावर मुद्रितं पसरलेली, वर पंखा फिरत होता म्हणून कागदांवर वाट्या ठेवलेल्या. निकेत दाराच्या चौकटीत उभा.

स्वप्नालीने आईंना नमस्कार केला, गोड बोलली. मग म्हणाली, "आजी, लेखाची सुरुवात मला सुचलीय. एवढी वर्षं जे नाव घेतलं नाही ते आज आमच्यासाठी घ्या. एक छानसा उखाणा!"

बाबा सरसावून बसले. "घे, घे. हळदीकुंकवाला बायका एवढ्या मागे लागायच्या, तरी 'येत नाय' म्हणून पळायची. कवयित्री म्हणे! घे आता. मी परवानगी देतो."

अभिनवने कॅमेरा डोळ्याला लावला. मी निकेतकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मीही काही बोलले नाही, तेही लिहून ठेवते.

आई स्टुलावर बसल्या होत्या. एक वाटी सरकली, दोन कागद उडून खाली पडले. आईंनी वाकून ते उचलले, मांडीवर सारखे केले आणि म्हणाल्या, "राघो, पंखा बंद कर."

उखाणा नाही, 'राव' नाही, 'अहो' नाही. दारात भाजीवाल्याला सांगावं इतक्या साध्या आवाजात.

बाबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग ते उठले, बटणापाशी गेले आणि पंखा बंद केला. आपण का उठलो ते त्यांना बहुतेक बटण दाबल्यावर कळलं. ते तिथेच, हात बटणावर ठेवून उभे राहिले.

"समिधा, पेन्सिल घे," आई म्हणाल्या. "राग. धाक. वीट. काशीगाव. बघ, सगळं बोलता येतं मला. जीभ झडली नाय, कोणाचं आयुष्य कमी झालं नाय. आता तुझं चुकलंय ते लिही. तू लिहिलंस, धुपण म्हणजे राग. राग येतो, माणूस बोलतो, राग जातो. बोलायचाच नाय असा राग वर्षानुवर्षं ठेवला तर त्याचा राग राहत नाय गो. ती धुपण. वरवंट म्हणजे धाक नाय. धाक त्यांचा. वरवंट माझा, माझ्या मानेवरचा. आणि भाजकी..." इथे त्या जराशा हसल्या. "वीट भिंतीत असते. भाजकी म्हणजे भाजून निघाली आणि तरी फुटली नाय ती. ते मी विटेसाठी केलं होतं, पण मग मलाच लागू पडलं."

स्वप्नालीचं वहीत टिपणं कधीच थांबलं होतं. ती हळूच म्हणाली, "आजी, मग व्युत्पत्तीच्या रकान्यात काय घालू?"

"रकाना काढून टाका. शब्द ठेवा, अर्थ मी सांगितला तो ठेवा. कुठून आला म्हणून कोणी विचारलं तर सांगा, बाईने केला."

"असं कसं?" बाबा बटणापासून पुढे आले. आवाज नेहमीचा, ताटल्या वाजवणारा. निकेत चौकटीतून एक पाऊल आत आला. "माझं नाव काढायचं? सगळ्या सोसायटीला सांगून बसलोय मी! नावामुळेच ना हे सगळं, माझ्या..."

"राघो," आई म्हणाल्या, "मी बोलतेय."

बाबा खाली बसले. मी तिसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली.